धनुष्यबाण, मशाल आणि एक घर: पक्षाशी जडलेल्या ओळखीचे प्रकरण

हे प्रकरण मुंबईच्या गिरणगावातील एका कुटुंबाचे आहे. माणसांची नावे बदलली आहेत आणि चाळ कोणती ते मुद्दाम सांगितलेले नाही. मी राज्यशास्त्र शिकवतो. मतदार एखाद्या पक्षाला ‘आपला’ का म्हणतो आणि स्वतःला ‘हिंदुत्ववादी’, ‘डावा’, ‘निष्ठावंत’ अशी बिरुदे का लावून घेतो, हा माझ्या शिकवण्याचा नेहमीचा विषय आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा या घराशी माझी जुनी ओळख होती. पुढची तीन वर्षे त्यांच्या संमतीने मी त्यांच्याशी वेळोवेळी बोलत राहिलो.

पक्ष एकसंध असतो तेव्हा मतदार त्याच्याशी नेमका कशामुळे जोडला गेला आहे हे कळत नाही. नाव, चिन्ह, नेत्याचे घराणे, विचारसरणी आणि गल्लीतला कार्यकर्ता या सगळ्या गोष्टी एकमेकींना इतक्या चिकटलेल्या असतात की मतदारालाही त्या वेगळ्या काढून दाखवता येत नाहीत. पक्ष फुटला की त्या सुट्या होतात आणि प्रत्येकाला त्यांतली एक उचलावी लागते. या घरात चार माणसांनी चार वेगवेगळ्या गोष्टी उचलल्या, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले.

पार्श्वभूमी

घरातले आजोबा १९५०च्या दशकात सातारा जिल्ह्यातून मुंबईत आले आणि गिरणीच्या साचेखात्यात लागले. ते लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट युनियनचे होते. त्या काळी गिरणगावात याचा अर्थ फार सरळ होता. ज्या युनियनचा माणूस खात्यात आपल्या बाजूने उभा राहतो, त्या युनियनचा पक्ष आपला. मार्क्स त्यांनी वाचला नव्हता. १९६७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे मुंबई मध्य-दक्षिण मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले, तेव्हा आजोबांनी आणि त्यांच्याबरोबर पहिल्यांदाच मतदान करणाऱ्या आजींनी कणीस-विळ्यावर शिक्का मारला होता. आजींच्या माहेरी मात्र काँग्रेसची बैलजोडी होती. लग्न होऊन मुंबईत आल्यावर कुंकवाबरोबर चिन्हही बदलले, असे त्या आजही सांगतात.

थोरला मुलगा सदानंद १९६४चा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आजोबा वर्षभर गावी जाऊन राहिले, घरातली भांडी विकली गेली आणि ज्या युनियनच्या भरवशावर ते घर उभे होते ती युनियन गिरणीच्या दारातून नाहीशी झाली. लाल बावट्यावरचा विश्वास आजोबांनी शेवटपर्यंत सोडला नाही. मुलाच्या हाती मात्र त्यातले काही आले नाही. त्याच्या वाट्याला आली कोपऱ्यावरची शिवसेनेची शाखा. तिथे संध्याकाळी बसायला बाकडे होते, जूनमध्ये वह्या मिळत, रात्री-अपरात्री रुग्णवाहिका मिळे आणि नोकरीचा अर्ज कसा भरायचा हे सांगणारी माणसे होती. मराठी माणसांच्या नोकऱ्यांसाठी झटणाऱ्या, शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीच्या खटपटीतून सदानंदला एका विमा कार्यालयात शिपायाची नोकरी लागली. पुढे तो कारकून झाला आणि शाखेत गटप्रमुख व मग उपशाखाप्रमुख झाला.

सदानंद ज्या शिवसेनेत गेला तिची विचारसरणी तेव्हा ‘मराठी माणूस’ या दोन शब्दांत सांगितली जाई. डिसेंबर १९८७च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीपासून हिंदुत्व हा शब्द पुढे आला आणि १९८९ मध्ये भारतीय जनता पक्षाशी युती झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तीच शिवसेना काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर सरकारात बसली. चिन्हाचेही तसेच झाले. पक्षाला मान्यता मिळून धनुष्यबाण कायमचा झाला तो १९८९ मध्ये. त्याआधी १९८४च्या लोकसभेला सेनेचे उमेदवार चक्क कमळावर लढले होते आणि १९८५च्या विधानसभेला माझगावात छगन भुजबळ मशालीवर निवडून आले होते. त्या निवडणुकीत एकवीस वर्षांच्या सदानंदने भिंतींवर गेरूने मशाली रंगवल्या होत्या. लेबल तीनदा बदलले आणि चिन्ह त्याहून अधिक वेळा बदलले, तरी सदानंदला एकदाही आपण पक्ष बदलला असे वाटले नाही. पक्षनिष्ठा म्हणजे विचारसरणीची निवड, असे मानणाऱ्या कोणालाही या एका माणसाचे उत्तर द्यावे लागेल.

घरात एक फूट आधीही पडली होती. मार्च २००६ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेना स्थापन झाली आणि धाकटा भाऊ वसंत तिकडे गेला. सदानंदने त्याला चाळीच्या जिन्यात, चार लोकांसमोर ‘गद्दार’ म्हटले. दोन गणपती दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

समस्या

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले आणि ३० जूनला मुख्यमंत्री झाले. खरी शिवसेना कोणती, हा प्रश्न १९६८च्या निवडणूक चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १५ खाली निवडणूक आयोगापुढे गेला. दोन्ही बाजूंनी पदाधिकाऱ्यांची आणि सदस्यांची प्रतिज्ञापत्रे गोळा करायला सुरुवात केली.

इथे एरवी मनात असणारी ओळख कागदावर आली. ऑगस्टमध्ये आठवडाभराच्या अंतराने सदानंदच्या घरी दोन नमुने आले. एक शाखेतून आला. तिथे नोटरी टेबल टाकून बसले होते आणि शंभर रुपयांच्या मुद्रांकावर आधार कार्डाच्या झेरॉक्ससह सही घेतली जात होती. दुसरा नमुना माजी नगरसेवकाच्या कार्यालयातून आला. हे गृहस्थ सदानंदचे तीस वर्षांचे मित्र, आणि ते शिंदे यांच्याबरोबर गेले होते. महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपून प्रशासक आल्यामुळे त्यांच्याकडे पद नव्हते, तरी चाळीच्या पुनर्विकासाच्या फाइलची वाट त्यांना ठाऊक होती आणि सदानंद चाळ कमिटीचा सचिव होता. दोन्ही कागद टीव्हीखालच्या खणात ठेवले गेले. त्या आठवड्यात तो खण उघडायला कोणी धजावत नव्हते, असे सदानंदच्या पत्नी सुलभावहिनींनी मला नंतर सांगितले.

सदानंदपुढचा प्रश्न दिसायला सोपा होता: सही कुठे करायची? पण ‘मी शिवसैनिक आहे’ हे त्याचे चाळीस वर्षांचे वाक्य आता अपुरे पडत होते. त्या वाक्यात कोणती शिवसेना आहे, हे त्याला पहिल्यांदाच सांगावे लागणार होते.

तोललेले पर्याय

पर्याय चार होते. उद्धव ठाकरे यांच्या बाजूचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, मित्राबरोबर शिंदे यांच्या बाजूने जायचे, कुठेच सही न करता निवृत्तीपर्यंतची दोन वर्षे गप्प राहायचे किंवा, मुलगा रोहन म्हणत होता त्याप्रमाणे, दोन्ही सोडून सरळ भाजपमध्ये जायचे. शेवटच्या पर्यायावर एकच संध्याकाळ बोलणे झाले. गप्प राहण्याचा पर्याय सदानंदला सगळ्यांत सोयीचा होता आणि तो त्याने सगळ्यांत आधी नाकारला, कारण ज्या माणसाच्या ओळखीनेच चाळीत लोक त्याला हाक मारतात त्याने गप्प बसणे म्हणजेही एक सही करणेच होते.

या घरातल्या चर्चा मी ऐकल्या तेव्हा एक गोष्ट ठळक जाणवली. सरकारचे धोरण हा विषय जवळजवळ निघालाच नाही. मेट्रो, कर्जमाफी, महापालिकेचा अर्थसंकल्प यांतले काहीच निघाले नाही. निघाली ती माणसे आणि त्यांचे वागणे.

रोहन २७ वर्षांचा, खासगी बँकेत नोकरी करणारा. त्याची राजकीय समज २०१४ नंतर घडली. त्याच्या दृष्टीने हिंदुत्व ही वस्तू पक्षाच्या आधी येते. २०१९ मध्ये काँग्रेसबरोबर गेलेल्यांनी ती वस्तू सोडली, म्हणून ज्याने ती पुन्हा उचलली तो बाळासाहेबांचा खरा वारस, असे तो म्हणे. त्याचे बोलणे सुसंगत होते आणि ते गांभीर्याने घ्यायला हवे. तरीही त्याला मी विचारले की, हिंदुत्व म्हणजे सरकारने नेमके काय करावे, तेव्हा तो बराच वेळ थांबला आणि मग त्याने आपल्या कार्यालयातल्या मित्रांविषयी सांगायला सुरुवात केली. ते सगळे एका गटात होते, सकाळच्या लोकलमध्ये एकत्र असत आणि त्यांच्यात ‘तुझे बाबा त्या काँग्रेसवाल्यांबरोबर ना’ असे ऐकून घेणे त्याला जड जात होते. वडिलांना शाखा होती, तशी मुलाला ती लोकल होती.

सुलभावहिनींचा हिशेब सगळ्यांत स्वच्छ होता. एप्रिल २०२१ मध्ये सदानंदला करोना झाला आणि श्वास लागायला लागला. रात्री दोन वाजता त्यांनी ज्या मुलाला फोन केला, त्याने पहाटेपर्यंत प्राणवायूचा पलंग मिळवून दिला. तो मुलगा शाखेचाच होता, आणि आता तो माजी नगरसेवकाबरोबर शिंदे यांच्या बाजूला गेला होता. “ज्याने जीव वाचवला त्याला मी गद्दार कशी म्हणू?” एवढेच त्या म्हणाल्या.

मतदाराच्या पक्षनिष्ठेविषयी जे सिद्धान्त शिकवले जातात, ते या एका खोलीत एकमेकांसमोर उभे होते. मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९६० मध्ये मांडले की पक्षाशी जडलेली ओळख बहुतांशी घरातून, लहानपणीच येते आणि धर्मासारखी टिकते, आणि माणूस धोरणेही तिच्याच चष्म्यातून पाहतो. त्याआधी १९५७ मध्ये अँथनी डाउन्स यांनी विचारसरणीचे लेबल म्हणजे वेळ वाचवणारी खूण मानली होती, कारण प्रत्येक प्रश्नाचा अभ्यास करायला मतदाराला सवड नसते. मॉरिस फिओरिना यांनी पुढे म्हटले की पक्षनिष्ठा हा अनुभवांचा चालू हिशेब असतो आणि प्रत्येक चांगल्या-वाईट प्रसंगाची त्यात नोंद होते. आणि ब्रिस्टलमध्ये हेन्री ताजफेल यांनी १९७०च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत दिसले की मुलांना अगदी क्षुल्लक कारणावरून दोन गटांत वाटले, तरी ती आपल्या गटाला झुकते माप देतात. सदानंद पहिल्या मताचा, रोहन दुसऱ्या आणि चौथ्या मताचा, सुलभावहिनी तिसऱ्या मताच्या. पाठ्यपुस्तकात हे सिद्धान्त एकमेकांना खोडतात. घरात ते एकाच ताटात जेवत होते.

आजींचे काय, हे त्या वेळी कोणी विचारलेच नाही. त्यांची अडचण पुढे आली.

निर्णय आणि कृती

पहिला निर्णय सदानंदने गणपतीच्या चार दिवस आधी घेतला. त्याआधी त्याने धाकट्या भावाला फोन केला. वसंतकडून त्याला सल्ला नको होता. सोळा वर्षांपूर्वी पक्ष सोडताना कसे वाटले होते, एवढेच त्याला विचारायचे होते. वसंत म्हणाला, “दादा, तेव्हा तू मला जिन्यात काय म्हणालास ते आठवतं का? मी माणसं सोडली नव्हती. मी साहेबांच्या पुतण्याबरोबर गेलो, तेच घर धरून गेलो.” हे वाक्य सदानंदने मला तीनदा सांगितले. माझ्या मते त्याचा निर्णय त्या फोनवरच झाला. शिवसेना म्हणजे आपल्यासाठी एक घराणे आहे, हे त्याला भावाच्या तोंडून कळले.

दुसऱ्या दिवशी त्याने शाखेत जाऊन ठाकरे यांच्या बाजूच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली. कारण विचारल्यावर त्याने उजवे मनगट पुढे केले. २३ जानेवारी २०१४ रोजी सोमय्या मैदानावर शिवबंधनाची शपथ झाली, त्या दिवशीचा भगवा धागा तिथे होता. रंग जाऊन तो मातकट झाला होता, दोनदा तुटून गाठी मारलेला होता, आणि घड्याळाचा पट्टा त्यावर घासून तिथली कातडी काळी पडली होती. “हा सोडायचा तर कापावा लागेल,” तो म्हणाला. हिंदुत्व, मराठी, पक्षघटना यांतला एकही शब्द त्याने उच्चारला नाही. आठवड्याभरानंतर मात्र तो मला महाविकास आघाडी हेही खरे हिंदुत्व कसे आहे हे समजावून सांगत होता. आधी माणूस आपल्या माणसांजवळ उभा राहिला आणि मग विचारसरणी त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. हा क्रम मी त्या आठवड्यात प्रत्यक्ष पाहिला. माझ्या आजवरच्या अभ्यासात इतक्या जवळून तो कधी दिसला नव्हता.

५ ऑक्टोबर २०२२ रोजी दसऱ्याचे दोन मेळावे झाले. बाप शिवाजी पार्कला गेला आणि मुलगा वांद्रे-कुर्ला संकुलात. निघताना दोघे एकाच वेळी चपला घालत होते आणि एकमेकांशी बोलले नाहीत. त्यानंतर तीन दिवसांनी आयोगाने धनुष्यबाण गोठवला. ठाकरे गटाला मशाल मिळाली, तेव्हा चाळीतले तरुण कार्यकर्ते हिरमुसले होते आणि सदानंद एकटा खुश होता. १९८५ची मशाल त्याने स्वतः रंगवली होती, त्यामुळे त्याच्या लेखी नवे काही आलेच नव्हते.

१७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांच्या बाजूला दिले. या निकालातला एक भाग कार्यकर्त्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा होता. आयोगाने संघटनेतल्या बहुमताची कसोटी निर्णायक मानली नाही. ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार कोणाकडे आहेत, यावर निकाल ठरला. ज्या कागदासाठी सदानंदने रात्री जागून काढल्या, त्या कागदाने काहीच ठरवले नव्हते. त्याला याचा राग आला, पण त्याची निष्ठा तसूभरही हलली नाही, उलट ती घट्ट झाली. ज्यासाठी माणसाने काही किंमत मोजली आहे ते त्याला अधिक आपले वाटू लागते, ही गोष्ट पक्षांचे पुढारी आपल्यापेक्षा चांगली ओळखून असतात.

यानंतर आजींची अडचण उभी राहिली. आजी तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या. त्यांना वाचता येत नाही. आपल्याकडे १९५१-५२ पासून चिन्हे आली ती अशाच मतदारांसाठी. आजींच्या लेखी धनुष्यबाण हे पक्षाचे चिन्ह नव्हतेच, ते मुलाचे चिन्ह होते. ‘सदाचा बाण’ असाच त्यांचा शब्द होता. बैलजोडी वडिलांची, कणीस-विळा नवऱ्याचा, बाण मुलाचा. आता मुलगा म्हणत होता की बाण आपला नाही.

मे २०२४ मध्ये सदानंदने प्रचाराची नमुना मतपत्रिका आणून त्यांच्यासमोर ठेवली. आजींनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि बोट वरून खाली फिरवत नेले. बोट मशालीवरून पुढे गेले आणि बाणावर थांबले. “हा काय इथं आहे की,” त्या म्हणाल्या. सदानंदने सांगितले की तो आता दुसऱ्यांचा आहे. त्या म्हणाल्या, “दुसऱ्यांना दिला कुणी? तू दिलास?” यावर त्याला बोलता आले नाही. मी तिथेच बसलो होतो. आईला पुन्हा पुन्हा शिकवायचे, तिच्याबरोबर मतदान केंद्रात सोबती म्हणून जायचे की तिच्यावर सोडून द्यायचे, असे तीन मार्ग होते. नियमाप्रमाणे अंध किंवा अशक्त मतदाराला सोबती नेता येतो. आजींची नजर तेवढी गेलेली नव्हती. सदानंदने मतपत्रिका घडी करून खिशात घातली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. या सगळ्या प्रकरणात त्याने घेतलेला हा निर्णय मला सगळ्यांत मोठ्या मनाचा वाटतो.

परिणाम

२० मे २०२४ रोजी दक्षिण मुंबईत मशाल आणि धनुष्यबाण थेट समोरासमोर होते. मशालीचे उमेदवार अरविंद सावंत ५० हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. घरातल्या मतांविषयी मला जेवढे सांगितले गेले तेवढेच लिहितो. सदानंदचे मत मशालीला गेले आणि रोहनचे बाणाला. आपण ते मोदींसाठी दिले, असे रोहनने स्पष्टपणे सांगितले. सुलभावहिनींनी सांगायचे टाळले. आजी एकट्या आत गेल्या, शाईचे बोट सगळ्यांना दाखवले आणि कोणाला दिले असे विचारणाऱ्या शेजारणीला म्हणाल्या, “सांगायचं असतं तर पडदा कशाला लावला असता?”

नोव्हेंबरच्या विधानसभेला आणखी एक वळण आले. त्यांच्या मतदारसंघात महायुतीने मनसेच्या उमेदवाराला पाठिंबा दिला होता, त्यामुळे यंत्रावर धनुष्यबाण नव्हताच. रोहनने रेल्वे इंजिनाचे बटण दाबले. म्हणजे हिंदुत्वाचे बोट धरून निघालेला मुलगा सोळा-अठरा वर्षांपूर्वी घरातून ‘गद्दार’ ठरलेल्या काकाच्या पक्षापाशी पोहोचला. राज्यात शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि ठाकरे यांच्या शिवसेनेला २० जागा मिळाल्या. निकालाच्या दिवशी सदानंदने दुपारनंतर टीव्ही बंद केला.

पुनर्विकासाविषयीची भीती फोल ठरली. फाइल पूर्वी जेवढी हळू चालत होती तेवढीच हळू चालत राहिली. नुकसान झाले ते चाळ कमिटीचे. सदानंदच्या सहीनंतर सभेत दोन बाजू पडल्या. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा विषयसुद्धा ‘तुमचे’ आणि ‘आमचे’ असा होऊ लागला आणि काही महिने सभेला गणसंख्याच भरली नाही. २०२३च्या अखेरीस त्याने सचिवपद सोडले. शिंदे गटातल्या मित्राशी त्याचे बोलणे आजही तुटकच आहे.

५ जुलै २०२५ रोजी हिंदीच्या सक्तीविरोधात वरळीत दोन्ही ठाकरे एका व्यासपीठावर आले, तेव्हा सदानंद आणि वसंत सकाळी एकत्र निघाले. रोहन कामावर गेला. मराठीचा मुद्दा त्याला पटत होता, पण तिथे जाणे म्हणजे कोणाच्या बाजूचे दिसणे, हे त्याला नको होते.

वेगळे काय करता आले असते

सदानंदविषयी बोलायचे तर सहीचा निर्णय चूक होता असे मला वाटत नाही. ती त्याची ओळख होती आणि ती जाहीर करण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. पण चाळ कमिटीचे पद त्याने सहीच्या आधी, ऑगस्ट २०२२ मध्येच सोडायला हवे होते, किंवा निदान कमिटीची बैठक बोलावून ‘माझी सही माझी आहे, टाकी सगळ्यांची आहे’ हे उघडपणे सांगायला हवे होते. एकच माणूस शाखेचा आणि चाळीचा असतो तेव्हा एकसंध पक्षात ते सोयीचे पडते. पक्ष फुटला की तीच सोय चाळ फोडते. त्याने पद सोडले तेव्हा सव्वा वर्ष उलटून गेले होते आणि लोकांना एकमेकांविषयी संशय घेण्याची सवय लागली होती.

बाप-लेकांनी एकमेकांशी भांडताना केवळ लेबले वापरली. ‘गद्दार’, ‘हिंदुत्व सोडलं’, ‘खोके’. ही भाषा दोघांनी बाहेरून घरात आणली आणि तिच्यात दोघांचे खरे म्हणणे हरवले. बापाला म्हणायचे होते की ज्यांनी मला उभे केले त्यांना मी पडत्या काळात सोडणार नाही. मुलाला म्हणायचे होते की माझ्या मित्रांसमोर मला मान खाली घालावी लागते. हे दोन्ही मला वेगवेगळे सांगितले गेले आणि ते एकमेकांसमोर कधीच उच्चारले गेले नाही. मी मध्यस्थ नव्हतो, तरी दोघांच्या संमतीने त्यांना एकदा समोरासमोर बसवता आले असते. अभ्यासकाने दूर राहावे या शिस्तीपायी मी ते केले नाही, आणि आज मला ती शिस्त त्या घरापेक्षा मोठी वाटत नाही.

माझ्या पद्धतीतली चूक आणखी खोल आहे. पहिल्या भेटीत मी सगळ्यांना एक प्रमाणपट्टी दिली होती. अगदी डावे म्हणजे १, अगदी उजवे म्हणजे १०, तुम्ही कुठे? फ्रान्समध्ये १७८९ साली सभागृहात कोण कोणत्या बाजूला बसले यावरून आलेले हे शब्द मी परळ-लालबागच्या चाळीत वापरत होतो. आजींनी विचारले, “डावे म्हणजे बावटेवाले ना? ते तर हे होते.” आणि त्यांनी भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे बोट केले. सदानंदने ५ सांगितले, कारण त्याला कोणाला दुखवायचे नव्हते. रोहनने १० सांगितले. त्या आकड्यांतून पुढच्या तीन वर्षांतल्या एकाही निर्णयाचा अंदाज बांधता आला नसता. रोहनचे इंजिन आणि वरळीला न जाणे, दोन्ही त्याच १०मधून निघाले होते. त्यानंतर मी ‘का’ विचारत गेलो आणि लोक मला कारणे देत गेले. ‘का’ विचारले की माणूस प्रतिष्ठित कारण शोधतो, आणि विचारसरणी हे सगळ्यांत प्रतिष्ठित कारण असते.

सुलभावहिनींना तर मी, सदानंदने आणि दोन्ही गटांनीही सारखेच वगळले. २०१४ मध्ये सोमय्या मैदानावर त्यांनीही धागा बांधला होता, त्याही प्राथमिक सदस्य होत्या, पण त्यांच्यासाठी कोणी मुद्रांक आणला नाही. दोन्ही नमुने आले ते सदानंदच्या नावाने. हे माझ्या लक्षात यायला अडीच वर्षे लागली. जानेवारी २०२५ मध्ये मी त्यांना पहिल्यांदा वेगळा वेळ मागितला आणि या वेळी ‘का’ विचारले नाही. रात्री अडचण आली तर कोणाला फोन कराल, एवढेच विचारले. त्या उठल्या, फ्रिजवरची दिनदर्शिका काढून आणली आणि तिचे मागचे पान माझ्यासमोर धरले. दूधवाला, गॅसवाला यांच्याखाली निळ्या शाईत सात नावे आणि नंबर होते. एक नंबर खोडून त्याच्यापुढे नवा लिहिला होता. “यातले तिघे तिकडे गेले, तिघे इथे आहेत,” त्या म्हणाल्या, “आणि हा वसंतभावजींचा. नंबर बदलला होता, म्हणून परवा नवा लिहून घेतला.”

त्या महिन्यापासून माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न मी बदलला आहे. प्रमाणपट्टी अजून आहे, पण ती आता शेवटच्या पानावर असते.